रांगणा, एकट्यानं, दिवाळीनंतर (आणि घरी सांगितलं 'पन्हाळा')

रंकाळ्याची_हवा

मंडळी, हे वर्णन कमी आणि कबुलीजबाब जास्त आहे. फोटो मागू नका. चार आहेत, चारही धुरकट.

दिवाळी उरकली, पाहुणे पांगले, चिवड्याच्या डब्यात नुसते शेंगदाणे उरले. आमची तिघांची रांगणा गडाची बोलणी गणपतीपासून चालू होती. आदल्या रात्री एकाकडं साडू टपकला, दुसऱ्याची कंबर धरली. म्हटलं, आता नाही तर थेट पुढच्या वर्षी. गवत एकदा पिवळं पडलं की त्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) बघण्यासारखं फार राहत नाही, आणि पावसात तिथं जळवा जेवायलाच बसलेल्या असतात. शरदातले हेच तीन-चार आठवडे काय ते खरे.

घरी सांगितलं, "पन्हाळ्याला जाऊन येतो, तीनपर्यंत घरात." रांगणा म्हटलं असतं तर 'एकटे?' आलं असतं, आणि मग जाणंच झालं नसतं. बायकोनं रात्रीच भाकरी, खर्डा आणि दह्याची वाटी कडीच्या डब्यात भरून ठेवली होती.

पहाटे साडेचारला कोल्हापुरातनं निघालो. कळंबा, इस्पुर्ली, बिद्री, मुदाळ तिट्टा. गारगोटीत उजाडता उजाडता चहा घेतला. पुढं कडगाव, पाटगाव. धरणाच्या पाण्यावर धुकं असं बसलं होतं की पलीकडचा डोंगर पाण्यातनं नाही, दुधातनं वर आल्यासारखा दिसत होता. तांब्याची वाडी, मग भटवाडी. एका झाडाखाली गाडी लावली आणि पावणेआठला चालायला लागलो.

भटवाडी ते चिक्केवाडी जंगलातनं दोन-सव्वादोन तास. चढ दमवत नाही. दमवतं ते दहिवर. गवत छातीएवढं, आणि प्रत्येक पात्यावर पाणी. अर्ध्या तासात कमरेपर्यंत ओढ्यात उतरल्यासारखा भिजलो. वर कुसळं. मोज्यात शिरलेलं कुसळ बाहेर येत नाही, ते आतच जातं, हे ज्याला माहीत त्यालाच माहीत.

आणि कोळी! वाटेवर दर वीस पावलांवर जाळं. हाताच्या पंजाएवढा तो काळा-पिवळा रानकोळी, आणि जाळ्याचे धागे उन्हात चक्क सोनेरी. पहिली दोन-तीन वाकून चुकवली, नंतर काठी पुढं धरून तोडत चाललो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली: जाळी शाबूत आहेत म्हणजे आज माझ्या पुढं या वाटेनं कुणीही गेलेलं नाही. बरं वाटलं. थोडी भीतीही वाटली.

दहाला चिक्केवाडी. तिथनं पुढं खिंडीत उतरायचं आणि समोर बुरूज. पावणेअकराला दरवाज्यात. रांगणाईच्या देवळात डबा सोडला. तलावावर वाऱ्याशिवाय काही नाही. अख्ख्या गडावर मी एकटा. औरंगजेबाच्या वेढ्यात ताराराणी इथं कशी राहिली असेल ते डोक्यात घोळत होतं. मग हत्तीसोंड माचीवर. खाली सगळं कोकण, निळं. सुमारे २६०० फुटांचा गड, पण आपल्या बाजूनं तो आपल्याच पातळीला असल्यासारखा वाटतो. उंची कळते ती माचीवरनं कोकणात डोकावल्यावर. पोटात खड्डाच पडतो.

एक वाजता परत फिरायचं ठरवलं होतं, फिरलो दीडला. अर्ध्या तासाचं व्याज पुढं भरलं.

चिक्केवाडी ओलांडल्यावर सड्यावर ढोरवाटांचं जाळं आहे. सकाळी एकच वाट दिसली होती, परतताना पाच. उतरतीची धरली. दहा-पंधरा मिनिटं मजेत चाललो आणि तोंडावर जाळं. ओला, चिकट सोनेरी धागा नाकावर. तो पुसता पुसता पाय जागेवरच थांबले. सकाळी या वाटेनं आलो असतो तर हे जाळं इथं असायला नको होतं. कोळी नवीन विणतो, पण पुढं चार पावलांवर दुसरं दिसलं, त्यापुढं तिसरं. तिन्ही जुनी, वाळकी पानं अडकलेली. म्हणजे या वाटेवर मी आयुष्यात पहिल्यांदाच उभा होतो.

फोनला रेंज नाही. नकाशात निळा ठिपका, आजूबाजूला नुसता हिरवा रंग. आणि डावीकडच्या कारवीत काहीतरी जड हललं. गवा होता. दिसला नाही, फुरफुरणं ऐकू आलं. मी आलेल्या वाटेनं पाठ न फिरवता मागं सरकलो. शेवटचा खात्रीचा ओढा होता तिथपर्यंत गेलो, काठावर माझ्याच बुटाचा सकाळचा ठसा सापडला, तिथनं सुरुवात केली. पाऊण तास गेला.

घाबरलो कशाला सांगू? गव्याला नाही. ओढ्याकाठी बसल्यावर डोक्यात आलं की मला काही झालं तर घरचे पोलिसांना सांगणार, आणि ते सगळे मला पन्हाळ्यावर शोधणार.

पाचला भटवाडी. कडगावजवळ रेंज आली आणि अकरा मिस्ड कॉल. "गाडी पंक्चर झाली" म्हणून सांगितलं. म्हणजे दुसरी थाप. वर डबा देवळातच राहिला, हे गारगोटीत कळलं. तिच्या आईचा डबा आहे, बुडाला नाव आणि लग्नाचं साल कोरलेलं.

एकट्यानं जाणं चुकलं का, यावर बोला. पन्हाळ्याबद्दल मीच स्वतःला बोललोय.

---

पायताण_नं_नऊ

भावा, पन्हाळा सांगून रांगणा! आमच्यात लोक रांगणा सांगून पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाऊन येतात. नाद खुळा.

---

जुनी_बखर

वर्णन आवडलं, पण एक दुरुस्ती. ताराराणी रांगण्यावर वेढ्यात होत्या तेव्हा बाहेर औरंगजेब नव्हता, तो १७०७ मध्येच गेला. वेढा १७०८ चा आणि फौज साताऱ्याच्या शाहू महाराजांची. पन्हाळा हातचा गेल्यावर ताराराणी रांगण्यावर आल्या, पुढं सिंधुदुर्गाकडं गेल्या आणि मागं रामचंद्रपंत अमात्यांनी गड लढवला. तेवढ्यात पावसाळा लागला. त्या मुलखातला पाऊस म्हणजे काय, ते जळवा बघितलेल्यांना सांगायला नको. वेढा उठला.

त्याच्या कितीतरी आधी, १४७० मध्ये, बहामनींच्या महमूद गवानानं गड घेतला होता. बांधणीचा मान परंपरेनं शिलाहार दुसऱ्या भोजाकडं जातो, आपल्याकडचे निम्मे गड त्याच्याच नावावर आहेत. येताना पाटगावात मौनी महाराजांच्या मठात थांबलात का? १६७६ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर निघण्याआधी शिवाजी महाराज तिथं दर्शनाला आले होते. बहुतेक ट्रेकवाले मठासमोरनं गाडी तशीच दामटतात.

---

रंकाळ्याची_हवा

दुरुस्ती मान्य. मठासमोरनं मीही दामटली. जाताना घाई, येताना अकरा मिस्ड कॉल.

---

सेफ्टी_पिन

सगळे कौतुक करतील, मी करणार नाही. एकट्यानं जाऊ नये, विषय संपला. पाय मुरगळला असता तर? दुखापत एकट्याची, पण शोधायला गावातली वीस माणसं, पोलीस आणि वनखात्याची माणसं रात्रीची जंगलात. त्यांना घरदार नाही? "स्वतःच्या जबाबदारीवर गेलो" हे वाक्य सुटका होईपर्यंतच खरं असतं.

---

वाट_वाकडी

सेफ्टी_पिन, तुमचा मुद्दा पोहोचला, पण अर्धाच पटला. मी आठ वर्षं एकटी फिरते. सामानगड, भुदरगड, पारगड, गगनगड. बाई एकटी म्हटल्यावर प्रत्येक चहाच्या टपरीवर "एकट्याच?" हा प्रश्न ठरलेला. आधी राग यायचा. आता मी त्याचाच वापर करते. टपरीवाल्याला सांगून टाकते, "होय मामा, एकटी. वर चाललेय, चारला खाली येणार, चहा ठेवा." चारला चहा तयार असतो आणि साडेचारला मामा रस्त्याकडं बघत असतात. फुकटचा पहारेकरी!

घरी मात्र थाप नाही. बहिणीला मेसेज असतो: कुठला गड, कुठल्या गावातनं, गाडी कुठं, कुठल्या वाटेनं वर, कुठल्या वाटेनं खाली. आणि एक वेळ. त्या वेळेपर्यंत माझा निरोप नाही आला तर तिनं फोनाफोनी सुरू करायची. वेळ मी मुद्दाम दोन तास पुढची देते, नाहीतर रेंज नाही म्हणून उगाच गाव गोळा व्हायचं.

चार जणांच्या कंपूत वाट चुकलेली माणसं मी जास्त बघितलीत. प्रत्येकाला वाटतं, पुढच्याला माहीत असेल. तुम्हाला जाळं तोंडावर बसल्याबरोबर कळलं. गप्पा मारत असता तर कळलं असतं?

---

सेफ्टी_पिन

जाळ्याचं कबूल. ते मलाही सुचलं नसतं. बाकी मत कायम.

---

डॉक्टर_नव्हे_कंपाउंडर

दोन गोष्टी सांगतो, रोज बघतो म्हणून. या दिवसांत गवतात पाय टाकताना काठी आधी. फुरसं आणि घोणस दोन्ही त्या पट्ट्यात आहेत. भातकापणीच्या हंगामात आमच्याकडं साप चावलेली माणसं येतात ती बहुतेक पायाला नाहीतर हाताला चावलेली. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं तर अजिबात नाही. तो अवयव कमीत कमी हलवायचा आणि जिथं सापाच्या विषावरची लस आहे त्या दवाखान्यात गाठायचं. साप पकडून आणू नका! एकानं पिशवीतनं जिवंत आणला होता, पेशंट राहिला बाजूला, सगळा वॉर्ड टेबलावर.

एकट्या माणसाचा घोळ इथंच होतो. 'हलू नका' म्हणतो आम्ही, आणि त्याला दोन तास चालल्याशिवाय गाडी नाही. म्हणून घोट्याच्या वर येणारे बूट आणि काठी. बाकी उपाय कागदावरचे.

---

गुगल_आबा

निळा ठिपका तुम्ही कुठं आहात ते सांगतो, वाट कुठं आहे ते सांगत नाही. उपाय सोपा आहे. जाताना स्वतःची वाट फोनमध्ये रेकॉर्ड करत जायची. त्याला रेंज लागत नाही, उपग्रह पुरतो. फोन विमान मोडवर टाकला की बॅटरीही टिकते, नाहीतर रेंज शोधून शोधूनच तो दुपारी मान टाकतो. परतताना आपल्याच रेघेवर चालायचं.

आणखी एक. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी संकटकाळचा ११२ लावून बघायचा, दुसऱ्या कुठल्या कंपनीचा मनोरा पोहोचत असेल तर तो लागतो. वनखात्याचा १९२६. पण दरीत कुठलाच मनोरा नसेल तर हे सगळं शोभेचं.

---

पोळ्याचा_पोळा

गव्याचं सगळे बोलतात. मी त्याच पट्ट्यात मधाच्या पेट्या ठेवणाऱ्यांबरोबर काम करतो, पाटगाव मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं ते उगाच नाही. पेटीतली सातेरी माशी गरीब. कड्याला आणि बुरुजाला लटकतं ते आग्यामोहोळ, त्याच्या वाटेला जाऊ नका. अंगाला अत्तर, सेंट मारून गडावर यायचं नाही. बुरुजाखाली चूल पेटवायची नाही. दगड भिरकावायचा नाही. माशा उठल्याच तर हात झाडत नाचायचं नाही, तोंड झाकून झाडीत घुसायचं आणि लांब जायचं. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, त्या वर थांबतात.

गव्याचं तुम्ही बरोबर केलंत. कळप असला की तो आधी बघतो आणि आधी निघतो. एकांडा नर, नाहीतर वासरू बरोबर असलेली मादी, तिथं अंतर ठेवायचं. मोबाईल काढून चार पावलं पुढं जाणारेच लोळवले जातात.

---

पायताण_नं_नऊ

सेंट मारून गडावर कोण जातंय?

---

पोळ्याचा_पोळा

जोडपी.

---

भुदरगडी

नमस्कार मंडळी. मी त्याच बाजूचा. कामाला इचलकरंजीत, पण शनवार-रविवार गावाकडं असतोय. आता सुगी चालू हाय, भात कापून मळणीची गडबड, म्हणून उशिरा लिवतोय.

रंकाळ्याची_हवा, तुमास्नी वाटतंय कुणाला म्हाईत नव्हतं. आमच्या चुलत्यांनी तुमची गाडी सकाळी आठलाच बघितल्याली. एमएच ०९, निळी, आरशाला एकच हेल्मेट अडकवल्यालं. एक हेल्मेट म्हणजे माणूस एक. दुपारी तीनला ते परत येऊन बघून गेलं, गाडी तितंच. चारला दोन पोरास्नी सांगून ठेवलंतं, दिवस बुडायच्या आत गाडी हलली न्हाई तर बॅटऱ्या घेऊन निघायचं. कार्तिकात सहाला अंधार पडतोय. तुमी पाचला गाडी काढून गेला, मग सगळी जेवाय बसली.

कौतुक म्हणून सांगत न्हाई. राग म्हणून सांगतोय. वाडीत ईऊन "मी रांगण्याला चाललोय" एवढं बोलायला काय जातंय? च्या तरी मिळाला असता. गेल्या वर्षी एक गाडी रात्रभर उभी होती. आमी बारा माणसं फाटेपर्यंत जंगलात. आणि गाडीवाला खाली नारूरला उतरून कुडाळात मित्राकडं झोपल्याला! सकाळी आला, सॉरी म्हणाला, गेला. त्या दिवशी कापल्यालं भात भिजलं आमचं, कारण सगळी गडी त्याला हुडकायला.

ती पाच ढोरवाटा म्हणताय न्हवं, त्यातली मधली धरायची. गुरं पाण्याला जात्यात त्या वाटा उतरणीच्या. माणसाची वाट सपाटीनं जाती. उतरती दिसली की समजायचं, ही म्हशीची.

---

रंकाळ्याची_हवा

दोनदा वाचलं. काय लिहावं सुचेना. तुमच्या चुलत्यांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी आधी वाडीत, मग गडावर.

'उतरती वाट म्हशीची' हे आता माझ्या डोक्यातनं निघणार नाही.

---

वाट_वाकडी

माझा टपरीवरचा मामा आणि यांचे चुलते एकाच जातकुळीतले. फरक एवढाच, मामांना मी सांगते.

---

सेफ्टी_पिन

भिजलेल्या भाताबद्दल कुणी काही बोलणार का, की नुसता नमस्कार?

---

जुनी_बखर

प्रश्न रास्त आहे. आम्ही मागं गेलो होतो तेव्हा जेवण वाडीतच सांगितलं होतं, पैसे देऊन. नाचणीची भाकरी आणि आंबाड्याची भाजी. शहरातनं पिशव्या भरून न्यायच्या आणि प्लास्टिक तिथं टाकून यायचं, त्यापेक्षा हे बरं. वाटाड्या घेतला तरी दिवसाची मजुरी होते. सुगीत मात्र कुणी मोकळं नसतं, आधी विचारायचं.

---

गुगल_आबा

थोडं विषयांतर. परतताना रस्त्याचं काय? मला जंगलापेक्षा बिद्री-इस्पुर्लीची भीती वाटते. ऊसतोड चालू झालीय. दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि टेपवर गाणं एवढं मोठं की हॉर्न ऐकू जात नाही. दिवसभर डोंगर चढून डोळे मिटायला लागलेला माणूस सात वाजता त्यांच्या मागं.

---

रंकाळ्याची_हवा

अगदी. मुदाळ तिट्ट्याच्या पुढं एका ट्रॉलीच्या बुडख्याला जवळजवळ चिकटलो होतो. बाजूला घेतली गाडी, उसाचा रस प्यालो, दहा मिनिटं कट्ट्यावर बसलो. दिवसातला सगळ्यात धोक्याचा क्षण तोच होता. मूळ पोस्टमध्ये लिहिला नाही, कारण त्यात गवा नव्हता.

---

पायताण_नं_नऊ

सगळं ऱ्हाऊ द्या. वहिनींना सांगितलंस का?

---

रंकाळ्याची_हवा

काल रात्री सांगितलं. भुदरगडींची पोस्ट वाचल्यावर झोप लागेना. हेल्मेटचं वाचून दाखवलं, चुलत्यांनी तीनला परत येऊन बघितलं तेही. ती ऐकत होती, हातातलं लसूण सोलणं थांबलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्या माणसाला म्हाईत होतं, मला न्हाई." पुढं काही नाही. मी वाट बघत बसलो होतो भांडण होईल म्हणून.

मग झोपताना विचारलं, "आणि आईचा डबा?"

---

भुदरगडी

कडीचा? बुडाला नाव घातल्याला, साल १९८४?

आमच्या भावकीतला पोरगा परवा रांगणाईला नारळ फोडाय गेलता, त्येला देवळाच्या मागं घावला. वानरानं नेलता वाटतं. झाकण न्हाई, कडी वाकल्या. डबा चुलत्यांच्या घरात हाय, आईनं घासून फळीवर ठेवलाय.

---

वाट_वाकडी

मी या रविवारी त्याच बाजूला आहे, पाटगावात मठ बघायचा राहिलाय. येता येता डबा घेऊन येते. रंकाळ्याची_हवा, रंकाळ्यावर संध्यामठाजवळ कुठं द्यायचा ते कळवा. (बहिणीला मेसेज गेलाय.)

---

भुदरगडी

या. दुपारच्याला जेवायलाच या, मळणी उरकली असंल. आणि त्या वहिनीस्नी इच्यारून सांगा, आई म्हणती रिकामा डबा लावून द्यायचा न्हाई. तांदूळ घालू का मध?

---

रंकाळ्याची_हवा

विचारलं. म्हणाली, तांदूळ. झाकण नाही, मध सांडंल.